बुधवारची चटणी

"मॅडम, थांबा जरा," म्हणत केतकीने मिक्सर सुरू केला. "हं, आता बोलते."

पालकांच्या व्यसनाने गांजलेल्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजने मोबाइलवर समुपदेशनाची सोय केली होती. दोन खोल्यांच्या घरात एकांताची सोय मात्र ज्याची त्याने करायची होती. म्हणून दर बुधवारी शेंगदाण्याची चटणी व्हायची.

"काल बाबा पिऊन आले, आईचा हात पिरगाळला, आणि मी..."

मिक्सर थांबला. बटणावर बाबांचं बोट होतं.

"कुणाशी बोलतेस?"

"मैत्रीण आहे. चटणीची रेसिपी विचारतेय."

बाबांनी फडताळाकडे पाहिलं. चटणीच्या बरण्या एकीवर एक चढल्या होत्या. शेजारीही आता "नको गं" म्हणून दार लावून घेत. इअरफोनमध्ये मॅडम "हॅलो, हॅलो" करत होत्या.

"एवढी चटणी?" बाबा हळूच म्हणाले. "माझ्याबद्दल एवढं सांगण्यासारखं आहे?"

केतकीने मोबाइल पाठीमागे घट्ट धरला.

"हो."

बाबांनी दाण्यांचा डबा उचलला. "कालचं सांगून झालं?"

"नाही."

त्यांनी डब्यातले उरलेले दाणे भांड्यात ओतले, झाकण दाबून धरलं आणि स्वतःच मिक्सर सुरू केला.