गोलरक्षक कालाम

"हात टेबलावर ठेवा," सेक्रेटरी ग्रोजाँ म्हणाला. "दोन्ही. असे, पालथे."

उलिस मातिलने हात ठेवले. फुटबॉल क्लबचं कार्यालय म्हणजे नूशातेलच्या एका कॅफेची मागची खोली. टेबलावर क्लबच्या चाळीस वर्षांच्या पुस्तकाची पानं पसरली होती. मंगळवारी ती छापखान्यात जाणार होती. सातव्या पानावर जुन्या गोलरक्षकाचं नाव होतं : न्यूमा कालाम. देशाच्या संघातून तीन सामने. ते नाव बदलून घ्यायला उलिस आला होता.

"त्या काळातला सरळ बोटांचा गोलरक्षक मी अजून पाहिलेला नाही," ग्रोजाँ म्हणाला. तो पस्तिशीचा होता, शाळेत भूगोल शिकवायचा. "बर्नच्या म्हाताऱ्या गोलरक्षकाची दोन बोटं तर उलटीच वळतात. आणि तुमचे हात, राग मानू नका, पियानो शिकवणाऱ्या बाईंचे वाटतात."

"मी चेंडू झेलायचो नाही. मुठींनी परतवायचो. बोट मोडून चालणार नव्हतं."

"तीन आंतरराष्ट्रीय सामने, नुसत्या मुठींनी?"

उलिसने हात टेबलावरून काढले नाहीत. वर डोंगरात, लोक्ल गावी, तो घड्याळाच्या कारखान्यात केसाएवढी बारीक स्प्रिंग बसवायचा. मालकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, चेंडूमागे दिसलास तर सोमवारी येऊ नकोस. म्हणून रविवारी तो गाडीने खाली नूशातेलला उतरायचा. पण संघाची नावं वर्तमानपत्रात छापून यायची. त्याचा मावसभाऊ न्यूमा क्लबचा सभासद होता. छातीने अधू, धावायची बंदी. त्याने आपलं नाव देऊन टाकलं. मागावंही लागलं नाही. फोटोवाला आला की जर्सी घालून न्यूमा उभा राहायचा. दोघांची उंची एक, मिशी एक, आणि सामन्यात उलिसची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. बरोबरचे बहुतेक खेळाडू इंग्रज आणि जर्मन विद्यार्थी होते. शिक्षण संपलं तसे ते आपापल्या देशी गेले. देशाच्या संघातले सगळे इतर शहरांतले. त्यांच्या लेखी तो कालामच होता.

नऊ वर्षं त्याने गोल अडवले आणि बोटं जपली. पुढे मंदी आली आणि कारखान्याने दोन ओळींचं पत्र हातात देऊन त्याला घरी पाठवलं. आता तो नगरपालिकेसाठी रस्त्यावरचा बर्फ उपसत होता. ज्याच्यापासून लपवायचं तो मालकच उरला नव्हता. अभिमानाने सांगावं असं उलिसने आयुष्यात एवढं एकच केलं होतं, आणि त्यावर दुसऱ्याचं नाव होतं. मुलीला एकदा सांगितलं, तर "हो, पपा," म्हणून ती ताटं उचलायला लागली.

"कालामसाहेबांनाच बोलावलंय मी," ग्रोजाँ म्हणाला. "त्यांच्या तोंडून काय ते होऊन जाऊ दे."

तेवढ्यात बाहेरून कोणी तरी हाक दिली, "काय पोस्टमास्तर, आज किती गोल अडवले?"

"एकही नाही, बाबांनो. जन्मात नाही," न्यूमाचा आवाज आला. कॅफेत हशा पिकला.

न्यूमा पोस्टाच्या गणवेशात आत आला. टेबलावर पसरलेले उलिसचे हात त्याने पाहिले आणि बसायच्या आधीच बोलू लागला.

"ग्रोजाँ, हा सांगतोय ते अक्षरन् अक्षर खरं आहे. मी एकही सामना खेळलेलो नाही. चेंडू अंगावर आला तर मी डोळे मिटतो."

"आणि हे बोट?" ग्रोजाँने त्याच्या उजव्या हाताच्या वाकड्या बोटाकडे मानेने खूण केली.

"टपालगाडीच्या दारात सापडलं. एकोणीसशे अठरा साली."

"टपालगाडीचं दार," ग्रोजाँ हसत म्हणाला. "पोस्टाच्या खिडकीत कोणी विचारलं की तुमचं हेच. दहा वर्षं ऐकतोय. आमचे वडील म्हणायचे, कालामच्या खेळाचं कौतुक करून बघा, तो म्हणेल खेळणारा दुसराच होता."

"अहो, दुसराच होता. हा होता. आईच्या गळ्याची शपथ."

ग्रोजाँ हसायचा थांबला. त्याने उलिसच्या विटक्या कोटाकडे पाहिलं, दंडावरच्या नगरपालिकेच्या पट्टीकडे पाहिलं, मग न्यूमाकडे. त्याला काय उमगलं ते उलिसला त्याच्या चेहऱ्यावर वाचता आलं : एक बेकार मावसभाऊ, आणि त्याच्यासाठी स्वतःचं नाव सोडायला निघालेला पोस्टमास्तर.

"नको, कालामसाहेब," तो हळू आवाजात म्हणाला. "घरच्या माणसासाठी जीव तुटतो, मला कळतं. पण पुस्तकात खरं तेच गेलं पाहिजे."

"अरे उलिस, तू तरी सांग ना याला," न्यूमा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. ग्रोजाँने ते पाहिले, आणि त्याची जी काही शंका उरली होती तीही गेली.

त्याने पेन उचललं. सातव्या पानावर, न्यूमा कालाम या नावाखाली, एक ओळ वाढवली आणि वाचून दाखवली :

"'आपलं श्रेयही दुसऱ्याच्या पदरात टाकेल, असा दिलदार माणूस.'"

मग तो उलिसकडे वळला. आवाजात राग नव्हता. समजूतच होती.

"एवढं तरी खरं आहे ना, मोश्यू मातिल?"

उलिसने न्यूमाकडे पाहिलं. न्यूमा रुमाल शोधत होता.

"हो," तो म्हणाला. "एवढं खरं आहे."