गर्दीच्या बाजूने एक मत

गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागात येणाऱ्या गाड्यांवर कर लावायचा की नाही, हे विचारत मी सकाळपासून जिने चढत होते. सिग्नलजवळच्या त्या इमारतीत सगळ्यांचं एकच म्हणणं, "आजच लावा! हॉर्न ऐकून ऐकून कान किटलेत."

पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या टेलरकाकांनी मात्र फॉर्मवर ठसठशीत 'विरोध' लिहिलं.

एकटा जीव, दारात साधी सायकल नाही, आणि धुरानं खोकून खोकून बेजार झालेले. माझं डोकंच फिरलं.

"अहो काका, कर लागला तर रस्ता मोकळा होईल. गर्दी कमी झालेली नकोय का तुम्हाला?"

"नकोय," ते म्हणाले आणि घड्याळाकडे बघत घाईघाईनं स्टूल खिडकीपाशी ओढून बसले. साडेनऊ वाजले होते. खाली गाड्यांची रांग मुंगीच्या पावलानं सरकत सरकत अखेर थांबलीच. काकांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. एका निळ्या गाडीच्या खिडकीतून कुणाचा तरी हात बाहेर आला होता.

"बाहीचं बटण सोमवारपासून तुटलंय," ते पुटपुटले. "अजून लावलेलं नाही."

"कोण आहेत ते?"

 

"मुलगा माझा. घरी येत नाही, पण गर्दी असली की दहा मिनिटं खाली थांबतो."