दोनशे ग्रॅम

"एकशे अठ्ठ्याण्णव," अपेक्षाने वाचलं आणि ताटली काट्यावरून उतरवली.

काल संध्याकाळी तिने दोनशे ग्रॅम मोजून ठेवले होते. बिनमिठाचा मऊ भात, उकडलेला दुधी, अंड्याचा पांढरा भाग. कमी झालेले दोन ग्रॅम म्हणजे उडून गेलेलं पाणी. तिने वहीत लिहिलं : दिवस सातवा. खाणं शून्य.

"म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे आज. ठरलंय ना आपलं?"

ठरलं होतं. हवालदार चौदा वर्षांचा झाला होता. अपेक्षा पाचवीत असताना बाबांनी ते कुत्र्याचं पिल्लू शर्टाच्या आत घालून लालबागच्या या चाळीत आणलं. जिन्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घ्यायचं, म्हणून हे नाव. आता त्याचे मागचे पाय आखडले होते आणि किडन्या निम्म्याहून जास्त गेल्या होत्या. डॉक्टरांनी पथ्य लिहून दिलं आणि जाता जाता म्हणाल्या, "खाणं सोडलं की समजा, तो स्वतःच सांगतोय."

अपेक्षाला ते 'समजा' पुरेसं वाटलं नव्हतं. एम.एस्सी. झाल्यापासून ती वडाळ्याच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. तिथे समजायचं नसतं, मोजायचं असतं. तिने नियम केला : सलग सात दिवस ताटलीला तोंड लावलं नाही, तर डॉक्टरांना बोलवायचं. त्याआधी घाई नाही, त्यानंतर टाळाटाळ नाही. पथ्य मोडू नये म्हणून तिने गॅलरीत कागदही चिकटवला. 'हवालदारला कुणीही काही खायला घालू नये.' 'कुणीही'खाली दोन रेघा.

"शेपटी हलवतो अजून," बाबा म्हणाले.

"शेपटी मोजता येत नाही, बाबा."

"तुला बारावीला गणितात बेचाळीस पडले, तेव्हा मी मोजत बसलो होतो?"

आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. "भांडू नका त्याच्यासमोर. आणि चाळीत आधीच सांगू नका कुणाला. अख्खा मजला दारात जमेल, घाबरेल तो."

अपेक्षा गॅलरीत गेली, परत आली. बसली, उठली. वही पुन्हा पहिल्या पानापासून तपासली. हवालदारला उचलून ती वजनकाट्यावर उभी राहिली, मग त्याला खाली ठेवून एकटी. फरक साडेसोळा किलो. सात दिवसांपूर्वीही साडेसोळाच होता. अंगात पाणी धरलं असणार, किंवा हा जुना काटाच अडकत असणार. तिने त्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

बाकी सगळं जुळत होतं. दुपारी बाराच्या सुमाराला तो उठायचा, हे आई रोज सांगायची. आधी पुढचे पाय, मग ओढत ओढत मागचे. वाटेत तीनदा बसत गॅलरीच्या वळणापलीकडे जायचा आणि तासाभराने परतायचा. पूर्वी असा कधी जात नसे. तिकडे त्याला निदान फरशी टोचू नये म्हणून आईने वळणापलीकडे गोणपाट टाकून ठेवलं होतं.

"जनावरं शेवटी माणसांपासून लांब जातात," अपेक्षाने आईला समजावलं होतं. आईने त्यावर डोळे पुसले होते.

अकराला डॉक्टर आल्या. हवालदारच्या हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं.

"पाणी?"

"दुपारनंतर भांडंच्या भांडं रिकामं करतो," आई म्हणाली.

"तोंडाला वास?"

"येतो," बाबा म्हणाले. "मासळी खाल्ल्यासारखा."

"रक्तात युरिया साचला की येतो," अपेक्षा म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. "आणि खाणं?"

अपेक्षाने वही पुढे केली. डॉक्टरांनी सातही पानं सावकाश उलटली. "इतकी नीट नोंद मला आजवर कुणी दाखवली नव्हती," त्या म्हणाल्या. "सात दिवस उपाशी म्हणजे फार झालं. अजून थांबलात तर त्याचे हाल होतील. पण सही तुमची लागेल."

बाबांनी पेन हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. सही अपेक्षाने केली.

पावणेबारा झाले होते. हवालदारने मान वर करून दाराकडे पाहिलं. पुढचे पाय फरशीवर रोवले.

"बाहेर जायचंय त्याला," बाबा म्हणाले.

"आता कुठे बाहेर," आई म्हणाली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

अपेक्षाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने तिचा तळवा चाटला. सुई गेल्यावर त्याने घेतलेले दोन खोल श्वास तिने मोजले. तिसरा आला नाही.

बाबांनी त्याला चादरीत गुंडाळून खाली गाडीत नेलं. आईही सोबत गेली.

खोलीत अपेक्षा एकटी उरली. तिने ताटली घासली. पुसली. पुन्हा घासली. वहीत तारीख टाकली आणि पुढे काय लिहायचं ते सुचेना. हातांना काहीतरी काम हवं होतं. गोणपाट आणून धुवायला टाकावं, म्हणून ती गॅलरीतून निघाली. आपण चिकटवलेल्या कागदाजवळून गेली, वळणावर वळली.

तिथलं शेवटचं दार बकुळामावशींचं. मावशी एकट्या राहायच्या. आत्ता त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, बाजाराची पिशवी अजून बाजूलाच पडलेली. पुढ्यात जर्मनची ताटली, वर झाकण.

अपेक्षाला पाहून त्यांनी ताटली घाईघाईने पदराआड ओढली. मग ओशाळून हसल्या.

"रागव नको हां गो. तुझा कागद वाचला मी. पण रोज दुपारी म्हातारा दारात येऊन असा बघत बसायचा, माझ्याच्याने घास गिळवेना." त्यांनी झाकण काढलं. कालवलेला भात आणि त्यावर बांगड्याचं डोकं. "आठ दिवस झाले, ताटली चाटूनपुसून लख्ख करतो. आज खंय रवलो?"