बंदरावरचा पाहुणा

“सांगितलं तर कोणी मानणार नाही, पण तुमची स्कूटर उभी आहे ना, बरोब्बर तिथं सुरतेचं जहाज लागायचं!”

तोताराम आबांनी काठी आपटली. पिंप्राळ्याहून आलेल्या श्रेयांस आणि पलकनं पायाखाली पाहिलं. खाली नगरपालिकेचा लाल-निळा जॉगिंग ट्रॅक होता. कधीकाळी कापसाच्या नावा तापीतून इथूनच सुटायच्या, एवढं खरं. मग बंदर गाळानं बुजलं, हायवे आला, मॉल आला. दगडी घाट तेवढा उरला, आणि त्याला खेटून सेल्फी पॉइंट. बाकीचं बंदर आबांच्या जिभेवर होतं.

समोरच आबांचं घर. ओट्यावर त्यांची सून रत्ना बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. शेजारी तिचा भाऊ सुकदेव, तिला भुसावळला माहेरी न्यायला आलेला. होळीला तिचा नवरा अभिमन, आबांचा एकुलता एक मुलगा, हायवेवर अपघातात गेला. तेव्हापासून रत्ना बोलली नव्हती. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. सकाळी सुकदेव “चाल” म्हणाला, तिनं पिशवी भरली. आबांना “राहा” म्हणवेना. पोरगाच नाही, तर कोणत्या तोंडानं म्हणणार?

तेवढ्यात हे पाहुणे घाट विचारत आले आणि आबांनी गोष्ट सुरू केली. म्हातारा माणूस बोलतोय, मध्येच उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून सुकदेव थांबला होता.

आणि म्हणून आबा गोष्ट संपू देत नव्हते.

जहाज आधी दोन मजली होतं. मग तीन झालं. त्याचं शीड वाळत घातलं की थेट वरणगावपर्यंत सावली पडायची आणि तिथल्या बाया भरदुपारी दिवे लावायच्या.

“आबा, एवढं मोठं जहाज नदीत मावायचं कसं?” पलकनं विचारलं.

“मावतंय कुठं, बेटा! नदीच बिचारी बाजूला सरकून बसायची.”

श्रेयांस खो-खो हसला. सुकदेवलाही हसू आलं. आबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून ओट्याकडे पाहिलं. रत्ना नदीकडे बघत होती, किंवा कुठंच बघत नव्हती. तसं आबांनाही आत काही वाटत नव्हतं. रिकाम्या घरात नळ चालू राहावा तशी जीभ चालली होती.

स्टेशनला न्यायला थांबलेल्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. सुकदेव उठला.

“निघतो आबा. गाडी चुकेल.”

पाठोपाठ रत्नाही उठली. ओट्याची पायरी उतरू लागली.

“अरे, कप्तानाचं राहिलंच की!” आबा घाईघाईनं म्हणाले. पाहुण्यांकडे तोंड होतं, पण आवाज नको तेवढा मोठा. “गोरा कप्तान. श्रावणात जहाज गाळात रुतलं. आमच्या घरी कानबाई देवी बसलेली. हा भुकेनं कळवळत आला दारात. माझ्या पणजीनं काय केलं, देवीपुढचे गव्हाचे रोट उचलले आणि घातले त्याच्या ताटात! पाच रोट हाणले गोऱ्यानं, वर वाटीभर खीर. त्या जोरावर त्यानं एकट्यानं जहाज—”

“लबाड नका बोला, आबा!”

आवाज घोगरा होता, बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या दारासारखा. सुकदेव जागच्या जागी वळला. रत्ना पायरीवर थांबली होती. कपाळावर चांगली आठी पडली होती.

“काहीबी! देवीना रोट परका माणूसले देतस का कधी? आपला घरमा तरी नही!”