खिशातला फ्यूज

दिवेलागण होऊन गेली तरी घरात दिवा नव्हता, आणि गोजाबाईंना ते मुळीच खपत नव्हतं.

गावाकडं, निघोज्याच्या घरी रॉकेलची चिमणी होती, पण ती वेळेवर लागायची. इथं पिंपरीत औषधाच्या नव्या कारखान्यानं लेकाला क्वार्टर दिलं, खोलीखोलीत बल्ब दिला, आणि आज सकाळपासून सगळं बंद. कारण काय, तर सुनेच्या भावानं मुंबईहून पाठवलेला विजेचा ओव्हन. दिवाळीच्या नानकटाईसाठी पिठाचा डबा घेऊन खडकीच्या बेकरीत ताटकळायला नको, म्हणून विमल हरखून गेली होती. तिनं तो दिव्याच्याच लाइनवर जोडला. पहिल्यांदा फ्यूज उडाला, दुसऱ्यांदा वायर इतकी तापली की घरभर रबर जळल्याचा वास सुटला. तेव्हा कासारवाडीच्या ज्योतीराम वायरमनला बोलावणं गेलं. ओव्हनला वेगळी जाड लाइन पाहिजे, असं तो म्हणाला आणि सकाळीच शिडी घेऊन हजर झाला.

तसा माणूस गोजाबाईंना आवडला होता. दुपारी त्यानं मागच्या दारी खोल खड्डा खणला, त्यात नळी उभी केली आणि विमलकडे मीठ अन् कोळसा मागितला. वीज वाट चुकली तर ती माणसात न शिरता इथनं जमिनीत जाते, असं त्यानं समजावलं. गोजाबाईंनी मान डोलावली. मिठानं दृष्ट उतरते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी आपल्या हातानं आणखी ओंजळभर मीठ टाकलं.

पण एक गोष्ट डोक्यात बसली होती. सकाळी त्यानं दाराजवळच्या मेन स्विचची पेटी उघडली, आतले चिनी मातीचे दोन पांढरे तुकडे उपसले आणि सरळ आपल्या खाकी सदऱ्याच्या खिशात घातले. मग झाकण लावून मोकळा झाला. भाकरी खायला बसला तेव्हाही ते खिशातच.

"आपल्याच घरातलं काढून खिशात घालतोय," गोजाबाई सुनेजवळ पुटपुटल्या होत्या. "आमी काय चोर हाय व्हय?"

"तसं नाही, आत्याबाई. मेनला हात तेवढा लावू नका म्हणालेत ते."

पण म्हणणाऱ्याला काय कळतं, तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवलं तर लक्ष्मी दारातून परत जाते ते. एवढ्यापुरताच दिवा लावायचा, हात जोडायचे आणि पुन्हा बंद करायचा. कुणाला कळणारसुद्धा नाही. दांडा वर केला की घर उजळतं, हे लेकानं शिकवलं होतंच. गोजाबाईंनी पदर सावरला आणि दांडा वर ढकलला. खट्कन आवाज झाला.

दिवा लागला नाही.

त्यांनी दांडा खाली ओढून पुन्हा वर केला. काही नाही. मग मात्र त्यांचा पारा चढला. त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या.

"दे बाबा आमचं ते पांढरं. दिवेलागण झाली, आन् तू घर अंधारात ठेवलंस."

ज्योतीराम स्टुलावर उभा होता. खिडकीतून येणाऱ्या शेवटच्या उजेडात त्याच्या दोन्ही हातांत उघड्या तांब्याची टोकं चमकत होती. तो जागचा हलला नाही.

"आजी, दांडा तुम्ही वर केलात?"

"व्हय. दोनदा. लागतोय कुठं दिवा?"

त्यानं तारा हळूच सोडल्या आणि खाली उतरला. पिठाच्या हातांनी उभी असलेली विमल मटकन जमिनीवर बसली. गोजाबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग लोंबणाऱ्या त्या दोन टोकांकडे बघितलं.

"तुझ्या हातात तीच तार व्हती?"

"तीच." ज्योतीरामनं खिशातले तुकडे काढून तळहातावर ठेवले. "हे पेटीत असते, तर दिवा लागला असता."

गोजाबाईंनी दांडा ओढलेला हात पदराखाली घेतला.

"तुमचा दोष नाही, आजी. माणसं चांगलीच असतात. मारायला म्हणून कुणी दांडा ओढत नाही, दिवा लावायलाच ओढतात. म्हणून उस्तादानं शिकवलंय, सांगून ठेवायचं, पण सांगण्यावर राहायचं नाही. फ्यूज आपल्या खिशात पाहिजे."

"देवानं वाचवलं रं बाबा," गोजाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "आन् तुझ्या उस्तादानं. लई उपकार झाले त्याचे. मला या वयात पाप लागलं असतं."

त्यांनी शेजारून कंदील मागून आणला, पेटवला आणि काम संपेपर्यंत स्वतः धरून उभ्या राहिल्या. विमलनं दोनदा मागितला, पण दिला नाही. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.

शेवटचा स्क्रू आवळून झाला. ज्योतीराम मेनपाशी गेला, दांडा खाली केला, ते पांढरे तुकडे पेटीत बसवले, झाकण लावलं आणि बाजूला सरकला.

"आता करा वर, आजी."

गोजाबाईंनी त्याचे दोन्ही हात रिकामे आहेत हे आधी नीट बघून घेतलं. मग दांडा वर केला. घर लख्ख उजळलं. विमलनं बल्बकडे बघून हात जोडले, ज्योतीरामनंही जोडले. गोजाबाईंनीही जोडले, पण त्यांची नजर त्याच्या सदऱ्यावर होती, दिवसभर वजन वाहून ताणलेल्या त्या खिशावर.

"दिवा तिकडं आहे, आजी," तो ओशाळून म्हणाला.

"ठावं हाय मला," गोजाबाई म्हणाल्या, आणि हात तसेच जोडून उभ्या राहिल्या.