तिसऱ्या पायरीपर्यंत

केंटकीतल्या खाणीच्या धुळीनं बाबांची फुप्फुसं खाल्ली होती. प्राणवायूची नळी त्यांना ओसरीच्या तिसऱ्या पायरीपर्यंतच सोडायची. सहा वर्षं तिथंच बसून ते गिटारवर ठेका धरायचे, मी व्हायोलिनवर धून वाजवायचे. आज मी नव्या नोकरीसाठी ओहायोला निघाले, तर बाबा म्हणाले, “तुझ्यावाचून काही अडत नाही, व्हर्ना. ऐक!” आणि एकट्यानंच जाड तारांवर धून छेडत, मधूनमधून ठेका मारत वाजवू लागले. “तू कामावर गेलीस की चोरून शिकायचो. नीघ आता.” सुटल्यासारखं वाटून मी गाडी सुरू केली. धून अंतऱ्याला आली, जिथं माझं व्हायोलिन वर चढायचं. तिथं बाबांची धून थांबली. माझी जागा मोकळी ठेवून नुसता ठेका चालत राहिला. मी इंजिन बंद केलं. “थांबलीस कशाला? जा म्हटलं ना!” बाबा खेकसले. त्यांचा हात मात्र ठेका सोडेना.