नव्या टायरांची पकड

“हे धरा,” म्हणत बायकोने पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरलेलं पातेलं सल्लागारांच्या मांडीवर ठेवलं आणि गाडीचं दार बाहेरून लावून घेतलं.

“अगं, झाकण?”

“झाकण ठेवलं तर परीक्षा कसली? तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, गाडीची चाल भरल्या पाण्यावर कळते म्हणून.”

सांगत होते खरे. सल्लागार हे त्यांचं नाव नव्हे. पण कुणाचा पंप बिघडो, स्कूटर बंद पडो की पोरीला कुठल्या शाखेला घालावं असा पेच पडो, ते न बोलावता हजर होत. इमारतीतल्या लोकांनी मग नाव देऊन टाकलं. सख्ख्या मेव्हण्याच्या फोनमध्येही ते त्याच नावाने होते.

सल्लागारांनी दोन्ही हातांनी पातेलं घट्ट धरलं. अंगात इस्त्रीची पँट होती.

बायकोला बढती मिळाली होती. डोंगरापलीकडच्या गावातल्या कार्यालयाची प्रमुख. होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. तिकडे बस जात नव्हती, म्हणजे रोज घाटातून गाडी चालवत जाणं आलं. सल्लागारांची याला अजिबात हरकत नव्हती. ते सुधारक विचारांचे होते. हरकत गाडीची होती.

बायकोच्या हातात ती गाडी पिसाळल्यासारखी वागे. सरळ रस्त्यावर ठीक. वळण आलं की हिसका बसायचा आणि गाडी सल्लागारांच्या बाजूला ओढली जायची. गेल्या महिन्यात याच घाटात, त्यांनी वेळीच स्टिअरिंगला हात घातला म्हणून, नाहीतर दोघंही कठड्यावरच जायची, ही हकीकत इमारतीच्या प्रत्येक मजल्याला पाठ होती. ते स्वतः चालवत तेव्हा मात्र गाडी नाकासमोर चाले.

“हात असावा लागतो,” ते म्हणत. मग त्यांनी निदान केलं होतं. “तुझाही दोष नाही म्हणा. टायर गेलेत. नवे टाकून घे, एकदा घाट चढून बघू, मग खुशाल हो म्हण.”

परवा बायको गाडी गॅरेजमधून घेऊन आली. सल्लागारांनी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतूनच पसंती दिली. “नवा टायर लांबून ओळखू येतो. काळेपणा बघ!”

“गॅरेजवाल्याने काम मनापासून केलंय,” बायको म्हणाली.

गाडी निघाली. पहिला गतिरोधक आला. पाणी काठापर्यंत चढलं, विचार केल्यासारखं थांबलं आणि परत खाली गेलं.

“बघितलंस? रबर कसं दणका गिळतं ते.”

“हं.”

“जुन्या टायरवर आत्ता माझी आंघोळ झाली असती.”

“शक्य आहे.”

घाट सुरू झाला. पहिल्या वळणाला सल्लागारांनी श्वास रोखला, पाय समोर रोवले. बायकोने वेग आधीच उतरवला, गिअर बदलला, स्टिअरिंग हलकेच फिरवलं आणि सोडून दिलं. गाडी वळणावरून कढईतल्या जिलबीसारखी गोल फिरून सरळ झाली. हिसका नाही, ओढ नाही.

“वा!” सल्लागारांच्या तोंडून निघून गेलं. “याला म्हणतात पकड! टायरवर या ज्या खाचा असतात ना, त्या रस्ता धरून ठेवतात. माणसाला काही करावंच लागत नाही.”

“माणसाने काही केलं नाही की बरंच चालतं सगळं,” बायको म्हणाली.

“एक्झॅक्टली!”

दुसरं वळण, तिसरं वळण. सल्लागारांच्या नाकाला खाज सुटली होती, पण हात रिकामा नव्हता. त्यांनी नाक खांद्याला घासलं आणि व्याख्यान पुढे चालू ठेवलं. ब्रेक किती मऊ लागतो. आवाज किती कमी. चढावर इंजिनसुद्धा कसं खूश आहे.

आणि ज्या वळणाची हकीकत इमारतीला पाठ होती, त्याच वळणावर समोरून ट्रक आला. अर्धा आपल्या बाजूला, हॉर्न न देता.

“अगं, अगं, अगं!” सल्लागार ओरडले. त्यांचे दोन्ही हात उचलले गेले, पण पातेल्यासकट. पाणी हिंदकळलं. ते हात जागच्या जागी थिजले.

बायकोने वेग कमी केला, कठड्यापासून जेमतेम वीतभर अंतर राखून गाडी काढली आणि ट्रक निघून गेल्यावर परत मधे आणली.

सल्लागारांनी खाली बघितलं. पँट कोरडी होती.

“धन्य आहे,” ते हळूच म्हणाले. “धन्य आहे त्या टायरांची. हा नमुना मी सगळ्या इमारतीला घ्यायला लावणार.”

घाटमाथ्यावर मोकळी जागा होती. बायकोने गाडी बाजूला घेतली. पलीकडे, उतारावर, ते गाव दिसत होतं.

“मग? काय कळवू?”

“आता विचारतेस काय! हो म्हणून टाक. माझी हरकत होतीच कुठे?”

बायकोने डॅशबोर्डवरच्या फोनवर दोन ओळी टाइप केल्या आणि पाठवल्या. समोरून लगेच अभिनंदनाचा निरोप आला. तिने तो दोनदा वाचला. सल्लागार पातेलं सांभाळत, त्यातल्या आभाळाकडे कौतुकाने बघत बसले होते.

तेवढ्यात फोन वाजला. गॅरेजवाला. बायकोचं बोट चुकून स्पीकरवर पडलं, की चुकून नव्हे, कोण जाणे.

“ताई, तुमचे टायर याही आठवड्यात येत नाहीत बघा, गोदामातच नाहीयेत. पण परवा धुऊन-पॉलिश करताना नीट बघितलेत मी, जुन्यांना अजून वर्षभर काही होत नाही, बिनधास्त चालवा. आणि ते तुमचं पातेल्याचं जमलं का हो? राहिले का साहेबांचे दोन्ही हात स्टिअरिंगपासून लांब?”